शेवटचे दोनशे मैल

(बेळगाव येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बेळगावात बसून समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. पण दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली, ती ५६ फुटी नौका गोव्यात बांधलेली. तिचं नाव ‘म्हादेई’. ही नदी उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात. तेव्हा नात्याने आपण समुद्राला अगदीच परके नाही.

आज विषय एवढाच, की अशी छोटी नौका तीन-चार आठवडे उघड्या समुद्रावर काढून किनाऱ्याला लागते, तेव्हा शेवटच्या दोनशे मैलांत काय करायचं. मैल म्हणजे सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

धोका भर समुद्रात असतो असं आपल्याला वाटतं. खोल पाण्यात आपटायला असतं काय? खडक, वाळूचे दांडे, जाळी, जहाजांची वर्दळ, सगळं किनाऱ्याशी. आणि नेमका तिथेच माणूस थकलेला असतो, वर घाईत असतो.

म्हणून आधी गणित. समजा, सोमवारी सकाळी १० वाजता गोव्याचं बंदर २०० मैलांवर आहे आणि वेग आहे ५ नॉट. ४० तास लागणार, म्हणजे बुधवारी पहाटे दोनला आपण बंदराच्या तोंडाशी. अनोळखी बंदरात अंधारात शिरू नये, हे सगळेच सांगतात. उजाडता उजाडता पोहोचा, असंही सांगतात. हा दुसरा सल्ला आपल्या पश्चिम किनाऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत सूर्य उगवतो, सह्याद्रीच्या मागून. किनारा म्हणजे नुसता काळा पट्टा. बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता पिंप, दिसत नाही, खडकावरचा फेस दिसत नाही, उथळ पाण्याचा रंग कळत नाही. त्यात पावसाळा सोडला तर सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणजे समोरून, नौकेच्या नाळेवर, पुढच्या टोकावर. तेव्हा दीपगृह अंधारात ओळखायचं आणि बंदरात शिरायचं दहाच्या सुमारास, ऊन वर आल्यावर. बुधवारी पहाटे पाचला आपण २० मैलांवर असलो, की ताशी ४ मैलांनी हे बरोबर जमतं.

मधले जास्तीचे तास कुठे घालवायचे? काही जण सोमवारपासूनच शिडं कमी करतात. मला ते पटत नाही. पुढे वारा पडला तर गेलेले तास परत मिळत नाहीत. वेग आहे तोवर चालावं, मंगळवारी दुपारी चारला ५० मैलांवर पोहोचावं आणि तिथे सहा-सात तास नौका रोखून धरावी. पुढचं लहान शीड उलट्या बाजूला ताणायचं, मोठं शीड आवळायचं, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बांधायचा. नौका जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते. जवळजवळ म्हणतो, कारण ताशी एक-दीड मैल ती वाहतेच. सहा-सात तासांत सहा ते दहा मैल झाले, ते हिशेबात धरायचे.

या तासांत एकाने पहारा द्यायचा आणि बाकीच्यांनी झोपायचं. झोपण्याआधी मात्र इंजिन बघायचं. आठवडेच्या आठवडे बंद असलेलं डिझेल इंजिन बंदराच्या तोंडाशीच दगा देतं, आणि त्याला कारण असतं. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसलेला असतो. किनाऱ्याजवळच्या आखूड, उभ्या लाटांत तो ढवळतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी काढून टाकायचं, नवा फिल्टर हाताशी ठेवायचा. गार पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा एकाच स्थितीत राहून वाकलेला असतो, त्याची पाती तुटतात. समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, तेही पाहायचं. इंजिन अर्धा तास चालवून मागे वाकून बघायचं, धुराबरोबर पाणी पिचकाऱ्या मारत बाहेर पडतंय का. नुसताच धूर येत असेल तर लगेच बंद.

नंतर नांगर. लांबच्या प्रवासात तो घट्ट बांधलेला असतो आणि साखळीच्या भोकात पाणी शिरू नये म्हणून चिंध्या कोंबलेल्या असतात. हे सगळं आदल्या दिवशी मोकळं करायचं. साखळी किती सोडायची? पाणी ५ मीटर, भरतीने आणखी २, पाण्यापासून नाळेची उंची १. झाले ८. त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर. भरती धरायला विसरलात तर रात्री नांगर ओढला जातो.

दीपगृहाचं मात्र सावकाश सांगतो, कारण त्यात मौज आहे. दिवा क्षितिजाखाली असतानाच त्याचा उजेड ढगांवर फिरताना दिसतो. मग कधीतरी खुद्द दिवा. पृथ्वीच्या गोलाईमुळे तो किती लांबून दिसेल याचा हिशेब असा: दिव्याची मीटरमधली उंची आणि आपल्या डोळ्यांची उंची, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.०८ ने गुणा. दिवा ६० मीटरवर, डोळे २ मीटरवर, तर १९ मैल. नकाशात त्याचा पल्ला २५ मैल लिहिला असला तरी नौकेतल्या माणसाला १९च. आता डेकवर उभे राहा, दिवा दिसतोय. गुडघ्यावर बसा, गेला. म्हणजे तो बरोबर क्षितिजावर आहे आणि अंतर आपल्याला कळलं, जीपीएसशी ताडून बघता येतं. दोन चमकांमधले सेकंद घड्याळ लावून तीनदा मोजायचे, कारण गोव्याच्या किनाऱ्यावर हॉटेलांचे दिवेही काही कमी नाहीत.

दिवसा येत असाल तर आधी दिसतात ढग. खानापूरकडच्या कणकुंबी-जांबोटीवर वळवाचे जे ढग चढताना आपण इकडून बघतो, तेच समुद्रावरून डोंगर दिसण्याआधी दिसतात.

जीपीएस सहसा चुकत नाही, पण नकाशाचं सर्वेक्षण जुनं असेल तर खडक काही शे मीटर इकडचा तिकडे असतो. आणि मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे कुठल्याच पडद्यावर येत नाहीत. तिथे डोळेच लागतात. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा दांडा आहे, तो पावसाळ्यात ओलांडायच्या भरीस पडू नये. त्या दिवसांत मुरगाव बरं.

नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, एखादं झाड आणि त्यामागचा घराचा कोपरा. रेष मोडत गेली तर नांगर सरकतोय. परदेशातून आला असाल तर पिवळा झेंडा चढवायचा. आरोग्य, कस्टम्स आणि इमिग्रेशन होईपर्यंत किनाऱ्यावर जायचं ते एकट्या नाखव्याने, कागदपत्रं घेऊन. बाकीच्यांनी नौकेवरच थांबायचं.