लाल तुऱ्यांच्या मागचा निळा

[दृश्य : रोपवाटिका, लाल तुऱ्यांची रांग]

थंडीची चाहूल लागली की पुण्यातल्या रोपवाटिकांच्या दारातच ही लाल रांग मांडलेली दिसते. साल्व्हिया स्प्लेंडेन्स, मूळचा ब्राझीलचा. तुरा जवळून पाहा. नळीसारखं फूल लाल आहे आणि ते ज्यात बसलंय तो कोशही लाल. फूल गळतं, कोश राहतो, म्हणून फुलं संपत आली तरी तुरा लांबून भरलेलाच वाटतो. विकायला यापेक्षा सोयीचं काय हवं!

[दृश्य : मागची निळी रोपं]

आम्हांला दाखवायचाय तो मागे ठेवलेला निळा. साल्व्हिया फॅरिनेशिया, टेक्सास आणि मेक्सिकोकडचा. कधी कधी लव्हेंडर समजूनही घरी नेला जातो. फसू नका. याच्या कोशावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट लव असते, आणि पान चुरडलं तर लव्हेंडरचा घमघमाट येत नाही.

[दृश्य : कापलेलं खोड, मग फूल]

खोड चौकोनी. पानं समोरासमोर. फुलाला वरचा आणि खालचा ओठ. म्हणजे कुळ तुळशीचंच. फूल उघडून पुंकेसर मोजा : तुळशीत चार, साल्व्हियात कामाचे फक्त दोन.

[दृश्य : निळ्या फुलावर मधमाशी, संथ गतीत]

हे दोन काय करतात ते पाहा. मधमाशी खालच्या ओठावर उतरते, मधासाठी डोकं आत घालते. वाटेत पुंकेसराचा खालचा दांडा आडवा येतो. तो ढकलला गेला की वरचं टोक तरफेसारखं खाली झुकतं आणि परागाचा ठसा माशीच्या अंगावर उमटतो. माशी मागे सरली की दांडा परत जागेवर. साल्व्हियाच्या एका युरोपीय जातीत ही करामत श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ मध्येच टिपून ठेवली होती. लाल फुलाची नळी लांब आणि अरुंद, पक्ष्याच्या चोचीच्या मापाची; तिच्या तळाशी मधमाशीची जीभ पोचत नाही. गॅलरीत एकच कुंडी मावत असेल, तर निळी आणा.

[दृश्य : बी पेरणी]

फुललेली कुंडी आणण्यापेक्षा बी पेरा. निळ्याला वेळ लागतो, म्हणून त्याचं बी गणपती गेले की, लालचं दसऱ्याला. दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत ट्रेमध्ये भरून आधी ओलं करून घ्या. बी वर पसरा आणि तळहाताने हलकं दाबा. पुरू नका, त्याला उजेड लागतो. पाणी झारीने नको, फवाऱ्याने. परतीच्या पावसात ट्रे छपराखाली ठेवा. दहा ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

[दृश्य : कोलमडलेली रोपं]

हे असं झालं तर बुरशी लागली. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं. कारण जवळपास नेहमी एकच : दाट पेरणी आणि सततची ओल. पडलेली काढून टाका, उरलेल्यांना वारा लागू द्या.

[दृश्य : शेंडा खुडणारी बोटं]

पहिल्या दोन बीजपानांनंतर चार खरी पानं आली की आठ इंची कुंडीत एकेक रोप हलवा. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण खुडलं नाही तर एकच उंच काठी वाढते आणि टोकाला एक तुरा. खुडल्यावर प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते.

ऊन पाच-सहा तास. पाणी वरची इंचभर माती सुकल्यावर. युरियाचा मोह टाळा. पानं माजतात, फुलं लांबतात.

[दृश्य : पानाची खालची बाजू]

पान उलटं करायची सवय ठेवा. पांढरी माशी आणि कोळी ही बारीक कीड इथेच सापडते. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. फुलांवर मारलेल्या कीटकनाशकाने मधमाश्या मरतात.

[दृश्य : छाटणी, उलटे टांगलेले तुरे]

रंग उतरलेला तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापत राहा. लाल साल्व्हिया बहुधा एप्रिलच्या उन्हात संपतो. निळा मात्र वीतभर ठेवून छाटला तर पुन्हा फुटतो, पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू दिलं नाही तर टिकतोही. वाळवायचे तुरे अर्धी फुलं उमलली असताना कापा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी दोनेक आठवडे उलटे टांगा. निळा रंग छान टिकतो.

[दृश्य : चहाचा कप, पाइनॅपल सेजची पानं]

चहात घालायचा साल्व्हिया हा लाल किंवा निळा नव्हे. त्यासाठी पाइनॅपल सेज, साल्व्हिया एलेगन्स. पान चोळलं की अननसाचा वास. फुलं नसलेल्या फांदीचं बोटभर कलम पेराखाली कापून लावा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतं. याला फुलायला लांब रात्र लागते, त्यामुळे गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असेल तर नुसती पानंच मिळतील. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पानं लगेच खाऊ नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते. नवी फूट येऊ द्या.

[दृश्य : कागदी पिशवीत झटकलेला तुरा]

कोश वाळले की तुरा कागदी पिशवीत झटका. एका कोशात जास्तीत जास्त चार बिया. त्या धुऊ नका. साल्व्हियाच्या बऱ्याच जातींचं बी भिजलं की सब्जासारखं बुळबुळीत होतं. चिया तरी काय, साल्व्हियाचीच एक जात! सावलीत सुकवून कोरड्या बाटलीत भरा आणि वर जात व महिना लिहा. मूळ बी संकरित असेल, तर पुढच्या वर्षी निळ्याची छटा बदलेल.