गोळीच्या आधी सुई

(दृश्य : ओसरी, आडवा झालेला कुत्रा)

बडोदा, दांडिया बाजार. ओसरीच्या गार फरशीवर लॅब्रेडॉर पसरलाय. डॉक्टरांची बोटं त्याच्या मागच्या गुडघ्यामागे थांबतात. एरवी जेमतेम हाताला लागणारी गाठ आज लिंबाएवढी झाली आहे. दुखत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षातही उशिराच येते.

"काकू, सुजेवरची कुठली गोळी दिली नाहीत ना?"

"नाही हो डॉक्टर, तुम्हाला दाखवल्याशिवाय कशी देणार?"

हाच प्रश्न आधी. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, प्रेडनिसोलोन या सुजेवरच्या गोळीने गाठी चार दिवसांत बसतात, कुत्रा जेवू लागतो, घर खूश होतं. पण मग निदान चुकू शकतं, पेशी पुढच्या केमोला दाद देईनाशा होतात आणि औषधांच्या चाचणीत असा कुत्रा बहुधा घेत नाहीत.

(दृश्य : सुई, काच)

२२ नंबरची सुई, सिरिंज न लावता. जबड्याखालची गाठ शक्यतो टाळायची. दात किडले तरी ती सुजते. गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची बरी. सुई आतल्या आत चार-पाचदा मागेपुढे करायची, बाहेर काढायची, मग हवा भरलेली सिरिंज जोडून थेंब काचेवर उडवायचा. दुसरी काच नुसत्या स्वतःच्या वजनाने सरकू द्यायची. जरा दाब पडला की या नाजूक पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रेघा तेवढ्या उरतात. फॉर्मलिनची, म्हणजे ऊती टिकवायच्या रसायनाची, बाटली त्याच टेबलावर उघडी नको. नुसत्या वाफेनेही पेशींवर तपासणीचा रंग नीट चढत नाही.

(दृश्य : कॅलिपर म्हणजे मापाचा चिमटा, वही)

अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००३मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमातून पाळीव कुत्र्यांवरच्या चाचण्यांचं जाळं उभं राहिलं. हे कुत्रे पिंजऱ्यातले नव्हेत. घरात झोपणारे, आपसूक कर्करोग झालेले. लिम्फोमावरच्या रॅबाकफोसाडीन या औषधाला अमेरिकेत २०२१मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, तीही घरच्या कुत्र्यांच्या जोरावर.

अशा चाचणीत मोजमाप असं होतं : जास्तीत जास्त पाच गाठी, प्रत्येकीची सर्वांत मोठी लांबी, दर खेपेला त्याच गाठी आणि शक्यतो तेच हात, कारण एक जण कॅलिपर हलका धरतो, दुसरा दाबून. बेरीज ३० टक्के उतरली तर औषध अंशतः लागू पडलं. २० टक्के चढली तर आजार पुढे सरकला.

केमोने बहुतेकांच्या गाठी बसतात, पण आजार बहुधा वर्षभरात उलटतो.

वहीत पहिली ओळ : आजची तारीख. डावा गुडघा, ३८ मिलिमीटर.