पोत्यात काय, ओंबीत काय: मिश्र खतं आणि गहू

(दृश्य: तळहातावर पसरलेले वेगवेगळ्या रंगांचे खताचे दाणे)

पांढरा दाणा युरियाचा, त्यात नत्र (नायट्रोजन). करडा डीएपीचा, त्यात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस). तांबूस दाणा पोटॅशचा, त्यात पालाश (पोटॅशियम). तिन्ही एकाच पोत्यात आहेत, पण प्रत्येक दाणा वेगळा ओळखता येतो. हे मिश्र खत. संयुक्त खतात एकेका दाण्यात सगळी अन्नद्रव्यं कारखान्यातच एकजीव केलेली असतात. इथं तयार दाणे नुसते कोरडे मिसळलेले आहेत. म्हणूनच प्रमाण बदलणं सोपं. जमिनीत जस्त कमी असेल तर जस्त घालायचं, पालाश पुरेसा असेल तर तो कमी करायचा.

गव्हाला या सोयीचा फायदा होतो का? होतो, पण सगळीकडे सारखा नाही.

(दृश्य: गव्हाच्या शेतातले लांब पट्टे, काही हिरवेगार, काही फिकट)

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात 1843 साली गव्हावर खतांचा प्रयोग सुरू झाला. तो आजही चालू आहे. काहीच खत न मिळणारा पट्टा हेक्टरी साधारण 1 टन दाण्यांवर अडकलेला आहे. स्फुरद आणि पालाश मिळतो पण नत्र मिळत नाही, तो पट्टाही फारसा पुढे जात नाही. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही एकत्र मिळतात तिथे मात्र उत्पादन कित्येक पटींनी वाढतं. एक टन दाण्यांसाठी गव्हाचं पीक साधारण 20 ते 25 किलो नत्र उचलतं. नत्र कमी पडलं, तर बाकीचं कितीही घाला, पीक तिथेच थांबतं.

याच्या उलट गोष्ट तुर्कस्तानातली. मध्य अनातोलियाच्या चुनखडीयुक्त पठारावर नत्र आणि स्फुरद देऊनही गहू खुरटा राहत होता, पानांवर तपकिरी चट्टे पडत होते. 1990 च्या दशकातल्या संशोधनातून कारण समजलं: जस्त. तिथल्या मातीचा सामू (पीएच) जास्त, त्यामुळे जमिनीत असलेलं जस्तही मुळांना मिळत नव्हतं. जस्त दिल्यावर काही शेतांत उत्पादन दुपटीहून अधिक वाढलं आणि जस्तयुक्त खतांचा वापर पसरला.

बोरॉनची उणीव आणखी फसवी. पीक उंच वाढतं, ओंब्याही बाहेर पडतात, पण परागकण नीट तयार होत नाहीत आणि ओंबीत दाणा भरत नाही. मात्र बोरॉन थोडं जास्त झालं तरी पिकाला बाधतं. ते सरसकट प्रत्येक पोत्यात घालणं मला धोक्याचं वाटतं.

इथिओपियात 2010 च्या दशकात डीएपीऐवजी गंधक, जस्त, बोरॉन असलेली मिश्र खतं आली. गव्हावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे चांगली वाढ दिसली, तर अनेक ठिकाणी खरा फरक नत्र आणि स्फुरदानेच पडला.

(दृश्य: खताचा ढीग, मोठे दाणे कडेला घरंगळतात)

आता हा ढीग बघा. मोठे दाणे कडेला गेले, बारीक मधेच राहिले. वाहतुकीत पोतं हादरतं तेव्हाही बारीक दाणे तळाशी जातात. फेकणी यंत्राने खत टाकलं तर जड, मोठा दाणा लांब जातो आणि हलका जवळच पडतो. मग एकाच शेतात गव्हाचे हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. म्हणून मिसळायचे दाणे आकाराने सारखे हवेत, आणि जस्तासारखं थोडं लागणारं द्रव्य भुकटी म्हणून न टाकता दाण्यांवर लेप देऊन चढवलेलं बरं. आणखी एक पथ्य: युरिया आणि अमोनियम नायट्रेट कधीच एकत्र करू नयेत. हवेत 18 टक्के सापेक्ष आर्द्रता असली तरी ते मिश्रण पाणी शोषून चिकट होतं.

नत्राचं वेळापत्रकही वेगळं. स्फुरद, पालाश, जस्त पेरणीबरोबर चालतात. सगळं नत्र मात्र तेव्हाच दिलं तर बरंचसं वाया जातं, कारण रोपाची भूक फुटवे आणि कांड्या धरताना वाढते. म्हणून मिश्र खत पेरणीला आणि उरलेलं नत्र वरखत म्हणून, म्हणजे उभ्या पिकाला, हीच पद्धत गव्हाला मानवते.

(दृश्य: शेजारी-शेजारी दोन प्रात्यक्षिक प्लॉट)

असे प्लॉट दाखवून नवं मिश्रण सरस असल्याचं सांगितलं जातं, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: दोन्हीकडे नत्र सारखं होतं का? एका बाजूला हेक्टरी 20 किलो नत्र जास्त पडलं असेल, तर जिंकलं ते नत्र. जस्त किंवा बोरॉनने काय केलं ते कळतच नाही. खरी परीक्षा वजाबाकीची आहे. माती परीक्षणात जे कमी दिसलं ते सगळं एका पट्ट्याला द्यायचं. शेजारच्या पट्ट्यात त्यातलं फक्त एक द्रव्य गाळायचं. बियाणं, पाणी, पेरणीची तारीख सगळं तेच. दोन्हींची मळणी वेगळी करायची, आणि वजन करायचं ते दाणे सारखे वाळल्यावर.