खाणकामगाराचा डबा

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कोल्हापुरात उभं राहून फुटबॉलवर बोलायचं म्हणजे नरसोबाच्या वाडीत जाऊन बासुंदी कशी आटवतात ते सांगण्यासारखं आहे. पण मी बोलणार आहे अमेरिकेतल्या फुटबॉलबद्दल, आणि त्यातल्या बड फॉस्टर नावाच्या एका असिस्टंट कोचबद्दल. त्यात चेंडू लंबगोल असतो आणि त्याला पाय क्वचितच लागतो, म्हणून मी वाचलो.

या खेळात आक्रमणाचे अकरा जण वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांचं आक्रमणाचं पथक मैदानात आणि समोरच्यांचं बचावाचं. म्हणजे एकाच संघात दोन कारखाने चालतात. वर एक हेड कोच. टीव्हीवर दिसतो तो हाच, देणगीदारांशी गोड बोलतो तो हाच, आणि हरल्यावर शिव्याही हाच खातो. पण समोरचा चेंडू कुठे नेणार हे ओळखून आपले अकरा कुठे उभे करायचे, हे ठरवणारा असतो असिस्टंट कोच. बचावाच्या मुख्य असिस्टंटला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. कॉलेजच्या वरच्या पातळीवर हेड कोचच्या हाताखाली नऊ असिस्टंट ठेवता यायचे, 2018 च्या जानेवारीत दहा झाले.

या पोटापाण्याची रीत ऐका. खेळणं संपलं की ग्रॅज्युएट असिस्टंट व्हायचं. म्हणजे नाव विद्यार्थ्याचं, काम हरकाम्याचं. सामन्यांच्या चित्रफिती कापायच्या आणि पडेल ते करायचं. मग एखाद्या जागेच्या खेळाडूंचा कोच, मग कोऑर्डिनेटर, मग हेड कोच. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलायचं, मुलांची शाळा बदलायची. आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीसारखंच, फक्त पुढच्या गावी नोकरी असेलच असं नाही. हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर अख्खा बाडबिस्तरा बाहेर. तुमचे लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतले गडी, कितीही चांगले खेळोत.

आता बड फॉस्टर. जन्म 1959, केंटकी राज्यातलं सॉमरसेट. मरी स्टेट नावाच्या लहान कॉलेजात खेळले. तिथे बचाव शिकवायला फ्रँक बीमर होते. 1981 मध्ये बीमर तिथले हेड कोच झाले आणि फॉस्टर त्यांच्या हाताखाली राहिले. 1987 मध्ये बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, फॉस्टरही गेले. व्हर्जिनिया टेक ब्लॅक्सबर्गला आहे, अ‍ॅपलाचियन डोंगरात. आपल्याकडची बरीच मुलं तिथे इंजिनिअरिंग शिकायला जातात. मी त्यांतलाच एक, म्हणून ही सगळी रामकथा मला ठाऊक.

सुरुवात वाईट होती. 1992 च्या मोसमात दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी. बीमरांची खुर्ची वाचली, पण असिस्टंटांमध्ये झाडाझडती झाली. फॉस्टर उरले. 1995 मध्ये ते आणि सहकारी रॉड शार्पलेस मिळून बचावाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षी तो डबा आला.

कोळशाच्या खाणीतला कामगार नेतो तसला जुना पत्र्याचा डबा. आठवडाभर मेहनत करणाऱ्या बचावाच्या खेळाडूने तो सामन्याला घेऊन यायचा. आत मोसमाची उद्दिष्टं लिहिलेला कागद, त्यावर सगळ्यांच्या सह्या. परक्या मैदानावर जिंकलं की तिथल्या हिरवळीचा तुकडाही आत जायचा. त्या भागात खाणी आहेत, त्यामुळे डबा म्हणजे काय ते प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही. गिरणगावात कुणाला सांगावं लागलं असतं का? त्या मोसमात पहिले दोन सामने हरून त्यांनी पुढचे दहा ओळीने जिंकले, शेवटचा शुगर बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात टेक्सासविरुद्ध. डब्यामुळे जिंकले असं मी म्हणत नाही. पण संघात काय मोलाचं, हे त्या डब्याने न बोलता सांगितलं. गुण मिळवणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याच्या हाती डबा येतो.

1999 मध्ये मी तिथे होतो. नियम कळत नव्हते, पण गाव वेडं झालेलं दिसत होतं. संघ अजिंक्य. आक्रमणात मायकेल विक नावाचा वाऱ्यासारखा पोरगा, आणि फॉस्टरांचा बचाव सरासरीत देशात सगळ्यांत कमी गुण देणारा. 4 जानेवारी 2000 ला अंतिम सामना फ्लोरिडा स्टेटशी. तीन पर्वं संपली तेव्हा आमचे 29, त्यांचे 28. चौथ्या पर्वात त्यांनी अठरा केले, आम्ही शून्य. 46-29. आमच्या खोलीतल्या तेलुगू मित्राने टीव्ही बंद केला आणि पिठलं गार झालं.

गंमत अशी, की पलीकडे बचाव सांभाळणारे मिकी अँड्र्यूजही याच जातकुळीचे. तरुणपणी लहान कॉलेजांत हेड कोच होते, मग 1984 पासून 2009 पर्यंत फ्लोरिडा स्टेटमध्ये असिस्टंटच. सर्वोत्तम असिस्टंटला फ्रँक ब्रॉइल्स यांच्या नावाचा पुरस्कार देतात, तो पहिल्यांदा, 1996 मध्ये, त्यांनाच मिळाला. 2006 मध्ये फॉस्टरांना. आता ब्रॉइल्स कोण? आर्कान्सॉचे हेड कोच. त्यांच्या हाताखाली काम केलेले जिमी जॉन्सन, बॅरी स्विट्झर, जो गिब्ज पुढे स्वतः नामांकित हेड कोच झाले. म्हणजे असिस्टंटच्या पुरस्काराला ज्यांचं नाव, ते प्रसिद्ध आहेत असिस्टंटांना हेड कोच करून पाठवण्याबद्दल! 2016 चे मानकरी क्लेमसनचे ब्रेंट व्हेनेबल्स. तेही दहा मोसम टिकले आणि 2021 मध्ये ओक्लाहोमाचे हेड कोच झाले. त्यांचं काही चुकलं असं नाही. शिडी असेल तर माणूस चढणारच.

फॉस्टर चढले नाहीत. मला यात त्याग वगैरे दिसत नाही. आपल्याकडे दोन नंबरचा माणूस म्हटलं की भलताच अर्थ निघतो, म्हणून मी साथीदार म्हणतो. उत्तम तबलजीला आपण कधी विचारत नाही की बुवा, तुम्ही गाणार केव्हा?

2007 च्या एप्रिलमध्ये त्या विद्यापीठात गोळीबार झाला. बत्तीस जणांचा जीव गेला. त्यांत मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते, मुंबईहून वास्तुकला शिकायला आलेली एक मुलगी होती. त्या मोसमात त्या डब्यात बत्तीस नावं होती. यावर मी अधिक बोलत नाही.

2014 मधला एक सामना मात्र सांगतो, कारण कारागिरी तिथे दिसते. ओहायो स्टेट, त्यांच्या घरच्या मैदानावर. फॉस्टरांनी जुनी ‘बेअर’ रचना काढली: पुढची फळी दाट ठासायची, धावायला जागाच ठेवायची नाही, आणि मागे प्रत्येकाने आपापला माणूस एकट्याने सांभाळायचा. जुगारच तो. एक चूक झाली की गुण गेले. नवख्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या गड्याला, त्यांनी सात वेळा आडवा केला. 35-21 ने जिंकले. ओहायो स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले आणि अख्ख्या मोसमात हरले ते एवढ्याच सामन्यात.

2015 नंतर बीमर निवृत्त झाले. विद्यापीठाने जस्टिन फुएंटे यांना आणलं, फॉस्टरांहून सतरा वर्षांनी लहान. त्यांनी शहाणपणा केला, फॉस्टरांना ठेवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये फॉस्टर म्हणाले, हा शेवटचा मोसम. नोव्हेंबरात जॉर्जिया टेकला शून्यावर ठेवलं, 45-0. पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावरच्या त्यांच्या अखेरच्या सामन्यात पिट्सबर्गलाही शून्य, 28-0. त्याच्या पुढच्या सामन्यात व्हर्जिनिया विद्यापीठाकडून हरले, आणि त्या शेजाऱ्यांवर पंधरा वर्षं चाललेली विजयांची माळ तुटली.

शेवटचा सामना 31 डिसेंबरला, शार्लट शहरात. समोर केंटकी, म्हणजे त्यांचं जन्माचं राज्य. केंटकीचा क्वार्टरबॅक मुळात चेंडू झेलणारा गडी, पण मोसमात पहिल्या पसंतीचे जायबंदी झाल्यामुळे त्या जागी उभा केलेला. दिवसभर तो पळतच होता, 233 यार्ड पळाला. पंधरा सेकंद उरली असताना सगळ्यांना वाटलं पुन्हा पळणार. त्याने चेंडू फेकला.