न पाहिलेला चीन

मित्रहो, 'युरोपच्या कलाकुसरीवर चीनचा प्रभाव' हा विषय पत्रिकेत छापला आहे. 'शिनुआझरी' म्हणजे युरोपातल्या कारागिरांनी चिनी वळणावर घडवलेली कलाकुसर, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : ती चीनची नक्कल नव्हती. पण ऑगस्टसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

सॅक्सनी या जर्मन संस्थानाचा हा अधिपती आणि पोलंडचा राजा चिनी मातीच्या भांड्यांपायी अक्षरशः वेडा झाला होता. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. हसा, पण हिशेबही करा : एका भांड्यामागे चार माणसं! त्यातल्या उंच बरण्या आजही ड्रेस्डेनमध्ये 'ड्रॅगून बरण्या' म्हणूनच ओळखल्या जातात, कारण गेले ते ड्रॅगून, म्हणजे घोडदळाच्या पलटणीचे शिपाई होते. त्यांना कुणी विचारलं असेल का हो?

याच राजाच्या कैदेत बॉटगर होता. बर्लिनला औषधवाल्याकडे उमेदवारी करताना या पोराने 'मी सोनं करतो' अशी बढाई मारली. ती प्रशियाच्या राजाच्या कानावर गेली, तेव्हा तो सॅक्सनीत पळाला, तर तिथे ऑगस्टसने त्याला डांबून ठेवलं. सोनं काही झालं नाही. चिर्नहाउस नावाच्या विद्वानाने त्याला मातीकडे वळवलं. १७०८ मध्ये चिनी मातीची कृती साधली, १७१० मध्ये सॅक्सनीतल्याच माइसनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कुंभारांना शेकडो वर्षं येत असलेली गोष्ट युरोपला अशी, एका कैद्याकडून मिळाली. तो ३७व्या वर्षी गेला. मला त्याच्याबद्दल फार हळहळ वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

भांडं तर जमलं, आता त्यावर काढायचं काय? १७२० मध्ये माइसनला आलेल्या चित्रकार हेरोल्टने चीन कधी पाहिला नव्हता. त्याने छापील चित्रं आणि स्वतःची कल्पना यांतून चहा पिणारी, पतंगासारख्या किड्यांमागे धावणारी माणसं रंगवली. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमच्या चिनी मंडपात तर सोनेरी ताडांचे खांब आहेत! बरं, चेंबर्स हा ब्रिटिश वास्तुकार स्वतः चीनमधल्या कँटनला जाऊन आलेला. चिनी पॅगोड्यांचे मजले सहसा विषम असतात, तरी त्याने १७६२ मध्ये लंडनच्या क्यू बागेत उभारला तो दहा मजली. नक्कल करणारा असं करत नाही. फ्रेंच राजांच्या व्हर्साय राजवाड्याच्या काटेकोर समतोलाला विटलेल्या कलावंतांना वाकडी फांदी, रिकामी जागा, एका बाजूला कललेली रचना हवी होती. ते धाडस त्यांना चिनी वस्तूंनी दिलं. रोकोको या अठराव्या शतकातल्या नागमोडी, नाजूक शैलीचं वळण त्यावाचून समजत नाही.

यात उद्धटपणाही होता, तो लपवू नये. पॅरिसचे कारागीर चिनी-जपानी लाखकामाचे उभे लाकडी पडदे चिरून त्यांचे पातळ पापुद्रे फुगीर कपाटांवर चढवत. ज्याने महिनोन्‌महिने लाखेचे थर दिले, त्याचं नाव कुठेही नाही. याचा मला राग येतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. फ्रेंच चित्रकार बूशेच्या चित्रांवरून फ्रान्समधल्या बोव्हेला चिनी देखाव्यांचे भिंतपडदे विणले गेले. त्यातला एक संच फ्रान्सच्या राजाकडून थेट चिएनलुंग बादशहाला भेट गेला. न पाहिलेला चीन असा चीनच्याच दरबारी पोहोचला, आणि बादशहाने तो ठेवून घेतला.