खोगीर उजवीकडे का सरकत होतं

नमस्कार मंडळी.

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, की मी ताराच्या पाठीबद्दल बोलणार. तारा माझी घोडी. रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड, आता अकरा वर्षांची आहे. माझ्याकडे आली तेव्हा सहाची होती. पहिली दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका पावसाळ्यानंतर तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला, की ती कान मागे टाकू लागली. पुढे मान वळवून दात दाखवायला लागली. उजव्या गोलात कॅंटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, घेतला, की मागच्या पायांचा ताल चुकायचा. आणि खोगीर कितीही मधोमध बसवा, वीस मिनिटांत ते उजवीकडे सरकलेलं असायचं.

पुढच्या सात महिन्यांत मी तिची पाठ चौघांना दाखवली. चौघंही आपापल्या कामात मुरलेले, आणि चौघांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

पहिले पशुवैद्य. त्यांनी मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यापासून, म्हणजे आपण ज्याला विदर्स म्हणतो तिथपासून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली. फऱ्याच्या मागे बोट टेकताच ताराची कातडी थरथरली आणि तिनं पाठ खाली टाकली. ते म्हणाले, "खोगीर अरुंद आहे, चिमटतंय. बदला." दुसरे सॅडल फिटर, म्हणजे घोड्याच्या पाठीला खोगीर नीट बसवून देणारे. त्यांनी तीच जागा दाबली, तीच थरथर पाहिली आणि नेमकं उलटं सांगितलं. खोगीर रुंद आहे, म्हणून पुढून खाली बसतं आणि त्याची टोकं तिथं रुततात. बदलायची गरज नाही, खाली जाड पॅड घाला. तिसरे कारागीर, कानपूरला खोगिरं बांधायचं काम शिकून आलेले. त्यांनी खोगीर उलटं करून मांडीवर घेतलं आणि पॅनेल, म्हणजे पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गाद्या, अंगठ्यानं चाचपले. सांगाडा उत्तम आहे, आतल्या लोकरीच्या गाठी झाल्यात, भराव नव्यानं करू. चौथे माझे प्रशिक्षक. त्यांनी खोगिराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उजव्या रिकिबीवर बसता. घोडी तुम्हाला सावरते आहे."

त्या दिवसांत मला झोप लागत नसे. पैसे जात होते त्याचं दुःख होतंच, पण खरा त्रास वेगळा होता. यातलं चुकीचं मत मी निवडलं, तर त्याची किंमत मी नाही, ती मोजणार. मी आधी पॅड घेतलं, कारण ते सगळ्यात स्वस्त होतं. निवड करायचं हे कारण नव्हे. पशुवैद्य म्हणाले तसं खोगीर खरंच अरुंद असेल, तर जाड पॅड म्हणजे आधीच घट्ट बसणाऱ्या कोटाच्या आत स्वेटर. हे मला तेव्हा सुचलं नाही.

एक गोष्ट जरा जवळून सांगते. रपेटीनंतर खोगीर काढलं, की ओल्या पाठीवर दोन्हीकडे तळहाताएवढे दोन कोरडे डाग दिसायचे. मी त्यांचे फोटो काढून दोन जाणकारांना पाठवले. एकानं सांगितलं, इथं दाब इतका जास्त आहे की घामाच्या ग्रंथी काम करेनाशा झाल्यात. दुसऱ्यानं सांगितलं, इथं खोगीर पाठीला टेकतच नाही, म्हणून घाम नाही. कोरड्या डागाचे हे दोन्ही अर्थ खरे असू शकतात! फोटोवरून फरक सांगता येत नाही. तो कळतो हाताला. स्वार वर बसलेला असताना पॅनेलखाली सपाट हात सरकवायचा. बोटं दबली तर एक उत्तर, मध्येच पोकळी लागली तर दुसरं. भाड्याच्या घोड्यांच्या विदर्सजवळ पांढऱ्या केसांचे ठिपके तुम्ही पाहिले असतील. तो जन्मजात रंग नसतो. दाबानं केसांची मुळं दुखावली, की तिथले पुढचे केस पांढरे येतात. कोरडा डाग वेळेवर वाचला नाही, तर पुढची पायरी ती.

मग घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं? मी चौघांच्या तारखा लिहून काढल्या तेव्हा थोडं उमगलं. पशुवैद्य आले ते सकाळी, घोडी थंड आणि उभी असताना. फिटर आले ते ती तासभर फिरून आल्यावर. कारागिरानं घोडी चालताना पाहिलीच नव्हती, प्रशिक्षकांनी ती उभी असताना पाहिली नव्हती. आणि पहिल्या व चौथ्या भेटीत सात महिन्यांचं अंतर, ज्यात तिच्या पाठीचे स्नायू उतरत गेले होते. लीने ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यक संशोधकांनी इंग्लंडात खेळाच्या घोड्यांच्या पाठी मोजल्या आहेत. अर्ध्या तासाच्या कामानंतरही पाठीचं माप बदललेलं दिसतं, आणि वर्षभरात तर बदलतंच. म्हणजे 'या घोडीला हे खोगीर बसतं का', या प्रश्नाला तारीख आणि वेळ जोडल्याशिवाय उत्तरच नाही.

शिवाय सॅडल फिटर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठला परवाना लागत नाही. इंग्लंडात सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स ही १९६६ साली सुरू झालेली संस्था प्रशिक्षण देऊन, परीक्षा घेऊन फिटर तयार करते. आपल्याकडे बहुतेकजण अनुभवातून शिकतात. अनुभव मोठाच असतो, पण ज्यानं खोगिरं बांधली त्याला दोष भरावात दिसतो आणि ज्यानं स्वार घडवले त्याला तो स्वारात दिसतो.

भरावावरून आठवलं. निरुपयोगी मजकुराला आपण खोगीरभरती म्हणतो. मला तो शब्द आता वापरवत नाही. खोगिरातली भरती हीच तर स्वाराचं सगळं वजन पाठीवर पसरून देते आणि कणा मोकळा ठेवते. एका बाजूची लोकर मूठभर जास्त दाबली गेली, तरी जनावराला ते प्रत्येक पावलाला सोसावं लागतं.

मी मुद्द्यावर येते. मी चौघांना विचारत होते, खोगीर अरुंद की रुंद. उजवीकडे का सरकतं, हे मी कुणालाच धड विचारलं नव्हतं. ग्रेव्ह आणि डायसन यांचाच २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास एका परिचित पशुवैद्य बाईंनी मला समजावून सांगितला. त्यात १२८ घोडे होते. मागच्या पायानं लंगडणारे ७१, आणि त्यांतल्या ३८ घोड्यांचं खोगीर सतत एका बाजूला सरकत होतं. पुढच्या पायानं लंगडणाऱ्या २६ घोड्यांत असा एकच निघाला. जे लंगडत नव्हते त्यांच्यात एकही नाही. मागच्या पायाची वेदना इंजेक्शननं बधिर केली, की जवळजवळ सगळ्यांचं खोगीर सरळ राहिलं. खोगीर तेच, स्वार तोच.

मी म्हटलं, पण तारा लंगडत नाही. बाई म्हणाल्या, "तुम्हाला दिसेल इतकी लंगडत नाही."

त्यांनी तिला आधी कडक जमिनीवर सरळ पळवलं, मग दोरीवर गोल फिरवलं, मग मला वर बसवलं. दुडकी चालीत त्या मागून बघत होत्या. नेहमीप्रमाणे खोगीर उजवीकडे गेलं. मग त्यांनी उजव्या मागच्या पायात, मधल्या सांध्याच्या खाली, बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि थांबायला सांगितलं. त्या वेळात कुणी काही बोललं नाही. खोगीर पुन्हा मधोमध बसवलं, तंगाचं भोकसुद्धा तेच ठेवलं. मी दुडकी घेतली. एक फेरी, दोन फेऱ्या, दहा. मी खाली वाकून पाहिलं, विदर्स माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या बरोबर मध्ये होता. उजव्या गोलात कॅंटर घेतला, ताल चुकला नाही. मला तिथंच रडू आलं. सात महिने ती मला हेच सांगत होती आणि मी पॅडं बदलत होते.

सोनोग्राफीत त्या पायाच्या सस्पेन्सरी अस्थिबंधाची, म्हणजे पायाच्या मागच्या बाजूनं आधार देणाऱ्या बंधाची, इजा दिसली. उपचार, विश्रांती, मग हातात धरून चालवणं, असं जवळजवळ वर्ष गेलं. आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे: ताराची देखभाल करणाऱ्या आमच्या सईस काकांना यातलं काहीतरी आधीच दिसलं होतं. पहिल्या पशुवैद्यांच्याही आधी ते एकदा म्हणाले होते, "ताई, हिच्या उजव्या मागच्या नालेचं टोक लवकर झिजतंय." मी नालबंदाला निरोप दिला आणि विसरले. खोगिरासाठी आलेल्या कुणापाशीही मी ते बोलले नाही, कारण नाल म्हणजे नालबंदाचं खातं, असं मी धरून चालले होते.

पाय बरा झाल्यावर पाठीचे स्नायू परत भरले, आणि तेव्हा तेच खोगीर खरोखरच अरुंद पडलं. पशुवैद्य बरोबर होते, फिटरही बरोबर होते. स्नायू उतरले होते तोवर ते रुंद होतं. मीही उजवीकडे बसत होतेच, खोगीर तिकडे नेत होतं म्हणून.

आता मी दर दोन महिन्यांनी विदर्सच्या मागे वाकणारी पट्टी बसवून तिच्या पाठीचा आकार तपकिरी कागदावर उतरवते. कागदावर तारीख घालते आणि घोडी कामाआधी मोजली की नंतर, तेही लिहिते. मार्चचा आणि ऑक्टोबरचा कागद एकावर एक धरले, तर रेषांमध्ये बोटभर अंतर आहे.

गेल्या महिन्यात मी फिटर आणि पशुवैद्य बाईंना एकाच सकाळी बोलावलं. मी वर बसले, फिटरचा हात पॅनेलखाली, बाई मागे उभ्या. डाव्या बाजूची लोकर थोडी काढावी की नाही, यावर दोघांचं जमलं नाही. पण या वेळी दोघं एकाच घोडीबद्दल, एकाच क्षणाबद्दल बोलत होते. शेवटी आठवडाभर काढून पाहायचं ठरलं. पलीकडे काका ताराचा उजवा मागचा खूर मांडीवर घेऊन नालेच्या टोकावरून अंगठा फिरवत होते.