आधी टोपण पाहा

(आर्वी तालुक्यात ट्रॅक्टर-दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तेलाचा १५ किलोचा डबा घरी कसा फोडतात? एक भोक तेलासाठी, दुसरं हवेसाठी. दुसरं पाडलं नाही तर तेल गुडगुडत, अडत अडत येतं. मला आज त्या दुसऱ्या भोकाबद्दलच बोलायचं आहे.

पायपर कब हे १९३८ ते १९४७ या काळात बनलेलं दोघांचं छोटं विमान. त्याला पेट्रोलचा पंप नाही. इंजिनामागे सुमारे ४५ लीटरची टाकी, आणि पेट्रोल आपल्या वजनानं कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात, उतरतं. टोपणातून एक तार वर येते, तिच्या खालच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारं बूच. बूच जसं खाली जाईल तशी तार आत जाते, पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा तोच काटा. टाकीत हवाही टोपणाच्या भोकातूनच जाते.

उमेदवारीत माझ्याकडे असं एक विमान आलं. मंद चालवलं तर इंजिन बिनतक्रार चालायचं. पूर्ण ताकद दिली की दोन-तीन मिनिटांत खोकायचं, बंद पडायचं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. दोन दिवसांत मी तीनदा कार्बोरेटर खोलला. शेवटी आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "टोपण काढून पाह्यलं का बे?" मी टोपण सैल केलं, तर हवा फुस्सकन आत ओढली गेली. कुंभारीण माशीनं भोकावर माती लिंपली होती.

हिशेब करून पाहा. पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा अर्धा मीटर उंच असेल, तर त्याचा जोर हवेच्या दाबाच्या साडेतीन टक्केच. भोक पूर्ण बुजलं आणि टाकीत २ लीटर हवा असेल, तर सुमारे ७० मिलीलीटर, म्हणजे टपरीवरचा एक कप चहा, एवढं पेट्रोल उतरलं की आतल्या हवेचा दाब तेवढाच घटतो आणि धार थांबते. टाकी अर्धी असेल तर पाऊण लीटरभर उतरतं. म्हणजे टाकी भरलेली असेल तेव्हाच इंजिन लवकर दगा देतं. भरल्या टाकीनंच माणूस निर्धास्त उडतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आपल्याकडच्या उन्हाचं एक वेगळंच. सकाळी गारव्यात टोपण लावलं आणि दुपारी टाकी तापली, की आतला दाब वाढून पेट्रोलला ढकलतो. दोष झाकला जातो. म्हणून तपासण्याआधी टोपण एकदा उघडून परत लावा. मग कार्बोरेटरकडची नळी सोडून धार मापाच्या भांड्यात धरा, घड्याळ लावा. आधी टोपण लावून, मग काढून. दोन्हींत फरक पडला तर दोष टोपणात. टोपण लावूनही धार पूर्ण ताकदीच्या वेळच्या गरजेच्या दीडपट हवी. हे उघड्यावर, विमानाला अर्थिंगची तार जोडून करा. आसपास विडी-काडी नको. टोपण लावून टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सांधे उसवतात.

काही टोपणांना वाकडी नळी असते. तिचं तोंड पुढे, वाऱ्याकडे हवं. मागे फिरलं तर वारा टाकीतली हवा उलट ओढतो, आणि भोक साफ असूनही इंजिन उपाशी राहतं.